दोन दिवसांचा सामना वेळेआधीच आटोपतो. मुलांचं लाल चेंडूचं (अनेक दिवस चालणारं) क्रिकेट नेमकं कुठे अडलंय?

पॅव्हेलियन_एंड:

नमस्कार मंडळी. जिल्हा पातळीवरच्या सोळा वर्षांखालील मुलांच्या दोन दिवसीय सामन्यांबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. रोज ९० षटकं, म्हणजे दोन दिवसांत १८०. प्रत्यक्षात एकेक डाव ४०-४५ षटकांत गुंडाळला जातो आणि दुसऱ्या दिवशी खेळ संपायच्या आधीच चारही डाव संपलेले असतात. धावसंख्या १२० ते १५०. शतक सोडाच, दोन तास उभं राहिलेला फलंदाज एका सामन्यात एखादाच सापडतो.

परिस्थिती अशी: खेळपट्टी काळ्या मातीची, पाणी बोअरचं. सरावाच्या नेटपैकी दोन सिमेंटवर अ‍ॅस्ट्रोटर्फ (कृत्रिम गवत) टाकलेली, एक टर्फ, म्हणजे मातीची. चेंडू फोर-पीस लाल लेदरचा. शाळांचे बाकीचे सगळे सामने २० किंवा २५ षटकांचे.

वर काय चाललंय ते दिसतंच आहे. २०२४ मध्ये न्यूझीलंडने आपल्याला घरच्या मैदानांवर कसोटीत ३-० हरवलं, वानखेडेवर १४७ धावा करायच्या होत्या आणि आपण १२१ वर बाद. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात १२४ चं लक्ष्य आणि ९३ वर सगळे तंबूत. खाली जे दिसतं तेच वर दिसतंय, असं वाटतं.

विचारायचं ते असं: सरावात काय बदलायचं? खेळपट्टीत काही चुकतंय का? आणि स्पर्धेच्या नियमांत असं काय करता येईल की मुलांना टिकून खेळावंसं वाटेल?

---

बॅकफूट_पंच:

टी-ट्वेंटीला शिव्या घालून तुमचं नेट सुधारणार नाही, म्हणून सरळ नेटपासून सुरुवात करतो.

तुमच्या नेटचा हिशेब मांडा. एका मुलाला १२ मिनिटं मिळतात, समोर पाच-सहा गोलंदाज रांगेने टाकतात, ४० च्या आसपास चेंडू होतात. प्रत्येक चेंडू वेगळ्या हाताचा, वेगळ्या वेगाचा. एकाच गोलंदाजाचे सलग सहा चेंडू त्याला कधीच खेळावे लागत नाहीत. मग चार चेंडू बाहेर टाकून पाचवा आत आणणारा गोलंदाज सामन्यात भेटला की मुलगा पाचव्या चेंडूला पायचीत होतो. हा सापळा त्याने पाहिलेलाच नसतो.

आठवड्यातून दोन दिवस तरी नेट असं चालवा: एका फलंदाजाला सलग ३० मिनिटं, दोनच गोलंदाज, आलटून पालटून पूर्ण षटकं. गोलंदाजाने आधी प्रशिक्षकाच्या कानात आपलं क्षेत्ररक्षण सांगायचं, आणि झेल कुठे गेला असता, धाव कुठे निघाली असती हे प्रशिक्षकाने मोठ्याने बोलायचं. बाद झाला तर पॅड काढून बाहेर, उरलेला वेळ गेला. फार कठोर वाटेल, पण विकेटची किंमत याशिवाय कळत नाही. मुंबईचं क्रिकेट ‘खडूस’ म्हणून ओळखलं गेलं ते मैदानावर विकेट फुकट न देण्याच्या याच सवयीमुळे.

आता चेंडू सोडणं. सोळा वर्षांच्या मुलाला बचाव येतो, चेंडू सोडता येत नाही. हे शिकवायला खेळपट्टीवर चुन्याची एक रेघ पुरते: ऑफ यष्टीपासून सरळ गोलंदाजाच्या बाजूला, साधारण ६ मीटर लांब. चेंडू टाकण्याआधीची हालचाल संपली की मुलाचं डोकं त्या रेघेवर यायला हवं. गार्ड (उभं राहण्याची जागा) मिडल-लेग असेल तर मागचा पाय मिडलपर्यंत न्यावा लागेल, मिडल गार्ड असेल तर थोडंसंच. एकदा डोकं ऑफ यष्टीवर आलं की नियम सोपा होतो: डोळ्यांच्या बाहेर जाणारा चेंडू सोडायचा. ३६ चेंडू टाका, त्यातले किमान १२ बाहेर असू द्या, आणि बाहेरच्या चेंडूला बॅट लागली तर खूण करा. पहिल्या आठवड्यात बाहेरच्या बारापैकी सात-आठ खेळले गेले तर आश्चर्य मानू नका.

सिमेंटच्या नेटचा एक तोटा फारसा कुणी बोलत नाही. तिथे चेंडू एकाच वेगाने आणि एकाच उंचीने येतो, त्यामुळे हात लवकर पुढे जायची सवय लागते. काळ्या मातीवर चेंडू थांबून येतो. हात आधीच गेलेले, चेंडू मागून येतो, आणि शॉर्ट कव्हरला किंवा मिडऑनला हळूच झेल. तुमच्या स्कोअरबुकात ‘झे. मिडऑन’ आणि ‘झे. कव्हर’ किती आहेत ते मोजा. जास्त असतील तर दोष फटक्याच्या निवडीचा कमी आणि वेळेचा जास्त. उपाय म्हणजे टर्फवरच्या नेटमध्ये जुना चेंडू, आणि बॅट पॅडच्या पुढे न नेता डोळ्यांखाली खेळणं.

फिरकीबद्दल. डीआरएस (पंचांचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासण्याची पद्धत) आल्यापासून पुढचा पॅड टाकून चेंडू अडवणं संपलं. पाय लांब टाकला म्हणून पंच आता वाचवत नाहीत. पुण्यात २०२४ ला मिचेल सँटनरने १५७ धावांत १३ बळी घेतले. चेंडू हातभर वळत होता असं काही नव्हतं, काही वळत होते, काही सरळ जात होते आणि तो वेग सतत बदलत होता. पहिल्या डावात विराट कोहली चक्क खालच्या फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला, कारण रेषेच्या आडवं खेळायला गेला. मुलांसाठी क्रीजपासून २ मीटरवर एक रेघ आणि ४ मीटरवर दुसरी मारा. पहिल्या रेघेच्या आत पडला तर पूर्ण पुढे, दुसरीच्या पलीकडे पडला तर पूर्ण मागे, स्टंपजवळ. मधल्या पट्ट्यात पडला तरी दोन्हीपैकी एक पूर्ण करायचं. अर्धा पाय पुढे टाकून थांबणं हीच सगळ्यांत धोक्याची जागा.

---

रोलरवाला:

वर लिहिलंय ते योग्यच आहे, पण ४० षटकांत दोन्ही संघ बाद होत असतील तर आधी खेळपट्टी बघा. फलंदाजीचं तंत्र हंगामभरात सुधारेल, खेळपट्टी पंधरा दिवसांत सुधारता येते.

बोअरच्या पाण्यावरच्या काळ्या मातीच्या मैदानांवर हमखास होणारी चूक अशी: सामन्याआधी पाच-सहा दिवस पाणी बंद करतात, हरळी मुळापर्यंत खरवडतात आणि शेवटच्या दोन दिवसांत जड रोलर फिरवत बसतात. वरून खेळपट्टी चकाचक काळी दिसते. पण कोरड्या मातीवर रोलर फिरवल्याने ती दाबली जात नाही, वरचा सेंटीमीटरभर थर खालच्यापासून सुटतो. पहिल्या दोन तासांत टप्प्याच्या जागी पापुद्रे हलू लागतात, मग एक चेंडू घोट्यावर आणि एक छातीवर. अशा ठिकाणी कुणीही ४० षटकांत बाद होईल.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. तिला बांधून ठेवतात दोन गोष्टी: आतला ओलावा आणि हरळीची मुळं. म्हणून क्रम असा ठेवा. सामन्याच्या १० दिवस आधी खेळपट्टी भरपूर भिजवा, पाणी ८-१० सेंमी खोल गेलं पाहिजे. एक लांब खिळा खुपसून पाहा, जिथे अडतो तिथपर्यंतच ओल आहे. मग एक-दोन दिवस थांबा. अंगठा दाबल्यावर ठसा उमटतो पण माती बोटाला चिकटत नाही, अशी अवस्था आली की हलका रोलर. दुसऱ्या दिवसापासून जड रोलर, अगदी सावकाश, चालण्यापेक्षाही हळू. पहाटे दव असताना १५-२० मिनिटं, संध्याकाळी तेवढंच. एकदम दोन तास रोलर फिरवण्यात काही साधत नाही. वरची ओल दिसेनाशी झाली की रोलर बाजूला.

हरळी सामन्याआधी १० दिवस १२ मिमीच्या आसपास असू द्या आणि टप्प्याटप्प्याने सामन्याच्या सकाळपर्यंत ५-६ मिमीवर आणा. हिरवी राहिली तरी चालेल. सुकलेली पण मुळाशी घट्ट असली तर त्याहून उत्तम. पूर्ण टक्कल करू नका.

तपासायचा सोपा मार्ग आहे. १६ फुटांवरून नवा चेंडू खेळपट्टीवर सोडा आणि उसळी पट्टीने मोजा. १५ इंचांच्या खाली उसळला तर खेळपट्टी मंद आणि मेलेली. २० ते २५ इंच आला तर फलंदाज आणि गोलंदाज दोघांना न्याय मिळेल. दोन्ही टोकांच्या चांगल्या टप्प्यावर चार-चार ठिकाणी करून बघा. आकड्यांत ५-६ इंचांचा फरक पडत असेल तर उसळी असमान आहे, पुन्हा पाणी आणि पुन्हा रोलर.

अजून एक. हंगाम संपल्यावर नवी माती टाकताना दुसऱ्या ठिकाणची माती आणून वर थर देऊ नका. दोन मातींचा आकसण्याचा वेग वेगळा असतो, त्या कधी एकजीव होत नाहीत आणि पुढच्या हंगामात बरोबर त्या सांध्यावर खेळपट्टी फाटते. आधी वरचा ५-६ मिमी भाग दाताळ्याने खरवडा, गवताचा कचरा काढा, मग त्याच जातीची माती बारीक चाळणीतून चाळून पातळ पसरा.

खेळपट्टीने सामना कसा संपतो याचं उदाहरण पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानाचंच घ्या. २०१७ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत १०५ आणि १०७, स्टीव्ह ओकीफला १२ बळी, सामना तीन दिवसांत खलास. आयसीसीने त्या खेळपट्टीला ‘खराब’ शेरा दिला. फिरकीला मदत म्हणून कोरडी ठेवलेली खेळपट्टी समोरच्या संघाच्या साध्या फिरकीपटूलाही तितकीच मदत करते. जिल्ह्याच्या सामन्यात तर दोन्ही बाजूंना डावखुरे फिरकीपटू असतातच.

---

पॅव्हेलियन_एंड:

@रोलरवाला, खूप आभार. पाणी आठवडाभर आधी बंद होतं हे अगदी खरं आहे, कारण बोअरला पाणी कमी. एक शंका: दुसऱ्या दिवशी सकाळी रोलर फिरवायचा की नाही, यावर कर्णधारांमध्ये नेहमी वाद होतो.

---

रोलरवाला:

नियम स्पष्ट आहे. फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधाराला दुसऱ्या दिवसाच्या खेळाआधी, तसंच सामन्याच्या पहिल्या डावाखेरीज कोणत्याही डावाआधी, जास्तीत जास्त ७ मिनिटं रोलर मागता येतो. कोणता रोलर ते तोच सांगतो. तडे पडलेल्या काळ्या मातीवर जड रोलर घेतला तर तासभर चेंडू शांत येतो आणि मग तडे आणखी सुटतात. चौथ्या डावात थोड्याच धावा करायच्या असतील तर जड, लांब खेळायचं असेल तर हलका.

पाणी कमी असेल तर एकाच वेळी तीन खेळपट्ट्या भिजवू नका. एक नीट भिजवा, तिच्यावर ताडपत्रीऐवजी ओलं गोणपाट रात्रभर ठेवा.

---

स्कोअरबुक:

नियमांचा प्रश्न कुणी घेतला नाही, तो मी घेतो. गुणपद्धती कशी आहे त्यावर मुलं आणि प्रशिक्षक कसे खेळतात ते ठरतं.

रणजीत निर्णायक विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास एक जादा. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला १. बहुतेक जिल्हा स्पर्धा हेच कमीजास्त करून वापरतात. चार दिवसांत हे ठीक चालतं. दोन दिवसांत आणला की सगळा सामना पहिल्या डावाभोवती फिरतो.

आघाडीच्या नियमाने काय थरार येतो तेही मान्य करायला हवं. २०२४-२५ च्या उपांत्य सामन्यात केरळने गुजरातवर फक्त दोन धावांची आघाडी घेतली. गुजरातचा शेवटचा गडी बाद झाला तो कसा, तर अर्झान नागवासवालाने मारलेला चेंडू शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळला आणि उडून स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात गेला. गोलंदाज आपला नागपूरचा आदित्य सरवटे. त्या आधी उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरविरुद्ध केरळची आघाडी एका धावेची होती. दोन सामने, तीन धावा, आणि केरळ पहिल्यांदाच अंतिम फेरीत. शेपटाने एकेक धाव जोडण्याची किंमत मुलांना समजवायची असेल तर हे दोन सामने दाखवावेत.

तुमच्या अडचणीवर दोन गोष्टी सुचवतो.

पहिली, टिकून खेळण्याला वेगळा गुण द्या. पहिल्या डावात संघ ८० षटकं खेळला तर १ गुण, धावा कितीही असोत. आणि गोलंदाजीला ८० षटकांच्या आत ६ गडी बाद केले तर १, ९ केले तर आणखी १. इंग्लंडमध्ये काउंटी अजिंक्यपदात (तिथली रणजीसारखी स्पर्धा) पहिल्या डावाच्या पहिल्या ११० षटकांवर असे बोनस गुण असतात, मूळ कल्पना तीच. मग १०० ला सात बाद झाले तरी आठवा आणि नववा फलंदाज बॅट फिरवत नाही, कारण अजून २० षटकं काढली की गुण मिळतो.

दुसरी, पहिल्या डावाला ४५ किंवा ५० षटकांची मर्यादा असेल तर ती आजच काढा. पुष्कळ ठिकाणी निकाल लागावा म्हणून ही मर्यादा घालतात. तिने सामना दोन एकदिवसीय डावांसारखा होतो, शेवटची दहा षटकं हाणामारी. ८० षटकांनंतर मिळणारा दुसरा नवा चेंडू या मुलांनी सामन्यात कधी पाहिलेलाच नसतो. कर्णधारालाही ७२ व्या षटकात कोणाला विश्रांती द्यायची, नव्या चेंडूसाठी कोणाला राखायचं हा विचार करायची वेळ कधी येत नाही. लांब पल्ल्याचं क्रिकेट खरं घडतं ते ४० ते ८० या षटकांत, आणि आपण मुलांच्या सामन्यांतून नेमका तोच भाग कापून टाकला.

वेळेचं गणित: तासाला १५ षटकं, सहा तासांत ९०. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेनऊला सुरुवात, साडेअकराला जेवण, १२.१० ते २.१०, मग चहा, २.३० ते ४.३०. षटकं मागे पडली तर अर्धा तास हातात राहतो. दर दोन षटकांच्या कमतरतेला १ धाव दंड करून काही होत नाही, गुण कापला तरच कर्णधार धावत जातात.

---

पाचवा_दिवस:

सगळं व्यवस्थित चाललंय, पण मूळ दुखण्याबद्दल बोललंच पाहिजे, नाहीतर उद्या एखादे पालक विचारतील की मुलाने हे का शिकावं.

आकडे बघा. रणजीत ४० पेक्षा जास्त प्रथम श्रेणी सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ६०,००० रुपये. २१ ते ४० सामने असतील तर ५०,०००, त्याखाली ४०,०००. चार दिवस उन्हात उभं राहून जास्तीत जास्त दोन लाख चाळीस हजार. २०२५ पासून आयपीएलमध्ये करार सोडून नुसतं सामन्याचं मानधन साडेसात लाख, म्हणजे तीन तासांत रणजी सामन्याच्या तिप्पट. शिवाय २०२५ च्या लिलावात सगळ्यांत कमी मूळ किंमत ३० लाख. एवढ्या पैशात रणजीचे साखळी सामने किती खेळावे लागतील ते मोजा. मुलाने किंवा वडिलांनी दुसरा रस्ता धरला तर त्याला लोभी म्हणणं अन्याय आहे.

वरच्या पातळीवर भारतीय क्रिकेट मंडळाने पैसा ओतून पाहिलाय. मार्च २०२४ च्या योजनेत हंगामातल्या ७५ टक्क्यांहून जास्त कसोटी खेळणाऱ्याला सामन्यामागे ४५ लाख जादा, मूळ मानधन १५ लाखांच्या वर. योजना चांगलीच आहे. पण ती भारतीय संघात पोचलेल्यांसाठी. रणजीत दहा वर्षं घालवून कधी भारताकडून न खेळलेल्यासाठी काय?

आणि वेळापत्रक. २०२४-२५ पासून रणजी दोन तुकड्यांत: ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच सामने, मग मुश्ताक अली आणि हजारे या पांढऱ्या चेंडूच्या, म्हणजे मर्यादित षटकांच्या स्पर्धा, आणि जानेवारीत पुन्हा लाल चेंडू. थंडी-धुक्यापासून उत्तरेतले सामने वाचावेत हा हेतू समजतो. पण पांढऱ्या चेंडूवर दोन महिने हात सोडून खेळलेला फलंदाज आठवड्याभरात परत ऑफ यष्टी शोधायला लागतो.

परदेशातही तेच. २०२४ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला कसोटीसाठी दुय्यम संघ पाठवला, कारण मुख्य खेळाडू घरच्या टी-ट्वेंटी लीगला बांधलेले. चौदांत सात जण एकही कसोटी न खेळलेले, आणि कर्णधार नील ब्रँडचं पदार्पणच कर्णधार म्हणून. ज्या देशाने १९३९ ला डर्बनमध्ये इंग्लंडबरोबर दहा दिवस चाललेली कसोटी खेळली (इंग्लंडला ६९६ हवे होते, ६५४ वर ५ असताना बोट पकडायची म्हणून सामना सोडावा लागला) त्या देशाची ही पाळी. त्यांच्याच संघाने पुढे २०२५ ला लॉर्ड्सवर जागतिक कसोटी अजिंक्यपद जिंकलं, हेही खरं. म्हणजे कौशल्य संपलेलं नाही, त्याला जागा मिळत नाही.

---

बॅकफूट_पंच:

@पाचवा_दिवस, पैशाचं सगळं मान्य. तरी विदर्भाकडे बघा. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५, तीन रणजी. तिकडेही तेच मानधन, तेच दोन तुकड्यांतलं वेळापत्रक. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध २४ वर ३ अशी अवस्था असताना दानिश मालेवार १५३ करतो, करुण नायर पहिल्या डावात ८६ आणि दुसऱ्यात १३५. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम. पाठोपाठ करुण आठ वर्षांनी कसोटी संघात परतला. पालकांना सांगायला हे पुरेसं आहे, कारण लाल चेंडूवर टिकणारा मुलगा पांढऱ्या चेंडूशी हमखास जुळवून घेतो. उलटा प्रवास फार थोड्यांना जमतो.

आणि महाराष्ट्रात तर हा वारसा आपलाच आहे. रणजीतली सर्वोच्च खेळी आजही भाऊसाहेब निंबाळकरांची, नाबाद ४४३, पुणे, डिसेंबर १९४८, काठियावाडविरुद्ध. त्याच हंगामात पुण्यात मुंबई-महाराष्ट्र सामन्यात एकूण २३७६ धावा झाल्या, प्रथम श्रेणीतला विक्रम.

---

पॅव्हेलियन_एंड:

नियम आणि खेळपट्टी यांवर पुढच्या बैठकीत मांडतो. गोलंदाजांबद्दल कुणी सांगेल का? ८० षटकं टाकायची म्हटलं की आमचे वेगवान गोलंदाज १२ व्या षटकानंतर कोसळतात. चेंडूही ३० षटकांत चिंधी होतो.

---

थर्डमॅन:

दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून एकत्र लिहितो.

मुलगा २५ षटकांच्या सामन्यात ५ षटकं टाकतो आणि एकदम दोन दिवसीय सामन्यात त्याच्याकडून २० ची अपेक्षा. कंबरेच्या मणक्यांची वाढ या वयात पूर्ण झालेली नसते. बारीक तडा जाण्याचा धोका एकूण षटकांपेक्षा अचानक वाढलेल्या षटकांनी जास्त. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची मर्यादा वापरा: सोळा वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये (एका टोकाकडून सलग) ७ षटकं आणि दिवसात १८. स्पेल संपल्यावर जितकी षटकं टाकली तितकी त्याच टोकाकडून जाईपर्यंत विश्रांती. हंगामाच्या सहा आठवडे आधी सुरू करा: आठवड्याला १०० चेंडू, आणि दर आठवड्याला त्यात १५ टक्के भर. सहाव्या आठवड्याला २०० च्या आसपास पोचाल. मध्ये आजारपणाने दहा दिवस गेले तर पुन्हा दोन आठवडे मागे जाऊन सुरुवात. पाठीत एका बाजूला, मागे वाकल्यावर दुखतंय असं मुलगा म्हणाला की त्याच दिवशी गोलंदाजी बंद आणि डॉक्टर. मलम चोळून खेळवू नका.

मोहम्मद सिराजने २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाच कसोटींत १८५.३ षटकं टाकली आणि ओव्हलवर शेवटच्या सकाळी ६ धावांनी जिंकून दिलं. वर्षानुवर्षं हळूहळू चढवलेला भार असल्याशिवाय असं शरीर घडत नाही.

आता चेंडू. तुमचा चेंडू ३० षटकांत मरतो याचं अर्ध कारण मैदान. खेळपट्टीच्या बाजूचा भाग खडकाळ आणि सीमारेषेला सिमेंटची कड असेल तर कुठलाही चेंडू फाटेल. उरलेलं कारण सांभाळणं. बहुतेक मुलं चेंडू यष्टिरक्षकाकडे टप्पा देऊन फेकतात. रिव्हर्ससाठी (जुना चेंडू उलट दिशेने स्विंग होण्यासाठी) एक बाजू खरखरीत हवी हे ऐकून करतात, पण टप्पे दोन्ही बाजूंना बसतात आणि चेंडू दोन्हीकडून सारखा खरखरीत होतो. मग तो ना स्विंग होतो ना रिव्हर्स. नियम असा करा: ४० षटकांपर्यंत थेट हातात फेकायचं, टप्पा नाही. थुंकी लावायला आता बंदीच आहे, तर घाम वापरा. पण घाम फक्त चकाकणाऱ्या बाजूला, आणि ते काम एकाच मुलाकडे द्या, मिडऑनकडे. बाकी सगळ्यांनी चेंडू शिवणीवर दोन बोटांनी धरून पुढे द्यायचा. खरखरीत बाजूला एकदा ओलावा लागला की दहा षटकं गेली.

सरावासाठी जुने चेंडू फेकू नका. तीन पिशव्या करा: १०, ४० आणि ६५ षटकं जुने. चेंडूवर मार्करने षटकं लिहा. एसजी कंपनीच्या चेंडूची शिवण हाताने घातलेली आणि उठावदार असते, ६५ षटकांनंतरही फिरकीपटूला बोट अडकवायला मिळते. त्याच पिशवीतून फिरकीपटूंना सराव द्या, नव्या चेंडूने नको. सामन्यात त्यांच्या वाट्याला तोच येणार आहे. आणि फलंदाजांनाही आठवड्यातून एकदा फक्त ६५ वाला. बॅकफूट_पंच यांनी वर लिहिलेल्या मिडऑनच्या झेलाचा प्रश्न तिथेच सुटतो.

---

पॅव्हेलियन_एंड:

शेवटचा प्रश्न. ८० षटकांनंतर दुसरा नवा चेंडू द्यायचा म्हणजे सामन्यामागे चेंडूंचा खर्च वाढणार. काही संघ म्हणतील परवडत नाही.

---

स्कोअरबुक:

सामन्याला चार डाव धरून सुरुवातीचे नवे चेंडू चार, ते आत्ताही लागतात. त्यावर जास्तीत जास्त दोन, कारण १८० षटकांत दोनापेक्षा जास्त डाव ८० च्या पुढे जाऊच शकत नाहीत. हे दोन आयोजकांनी द्यावेत, संघांवर टाकू नयेत. त्या सामन्यातले सहाही चेंडू नंतर यजमान क्लबच्या त्या तीन पिशव्यांत जातील, म्हणजे सरावाच्या चेंडूंचा खर्च तेवढा वाचतो. आणि तुमचे डाव ४५ षटकांतच संपत राहिले तर पहिल्या हंगामात हे जादा चेंडू कपाटातच पडून राहतील. तरी विकत आणून पंचांच्या टेबलावर दिसतील असे ठेवा. ७० व्या षटकाला पंचांनी डबी उघडली की मैदानावरच्या सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं.